हुलग्याच्या तीन नळ्या

चंपाबाई हिवराळेंचा उकळत्या पाण्यावर फार भरवसा होता. शहरातल्या एका खासगी दवाखान्याच्या धुलाईखोलीत त्यांनी निम्मं आयुष्य घालवलं होतं. ऑपरेशनच्या चादरी, डॉक्टरांचे गाऊन, बाळंतिणींची दुपटी, जे येईल ते सोडा टाकून रटरट उकळायचं आणि गच्चीवर वाळत घालायचं. "गार पाण्यानं मळ जातो, रोग नाय जात," असं त्या म्हणत. पुढं दवाखान्यात मोठाली मशिनं आली आणि चंपाबाई घरी बसल्या. पण मुकुंदवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांमधलं प्रत्येक फडकं अजूनही मागच्या अंगणातल्या चुलीवरच्या पातेल्यातूनच निघायचं.

अशा बाईची लेक बुरशी वाढवायचं काम करत होती. निशा विद्यापीठात पीएच.डी.ला होती. शेजारणीनं विचारलं की चंपाबाई "संशोधन करती" एवढंच सांगत. बुरशीचं नाव काढत नसत. एकदा निशानं मोबाइलवर फोटो दाखवला होता, काचेच्या बशीत कापसासारखी फुललेली, मधोमध गुलाबी झाक असलेली बुरशी. "छान आलीय ना?" असं तिनं विचारल्यावर चंपाबाईंनी आधी तिचे हात साबणानं धुऊन घेतले होते.

खरं म्हणजे निशाचं काम बुरशी वाढवण्याचं नव्हतं, ती थांबवण्याचं होतं. तिचे मार्गदर्शक बोरसे सर कन्नड तालुक्यातले, घरी अद्रकीचं पीक. जमिनीतल्या बुरशीनं कंद सडतात आणि हिरवंगार दिसणारं रान आठवड्यात पिवळं पडतं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. निशा त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी तिला एकच प्रश्न दिला होता. बी जमिनीत पडतं तेव्हा तिथं ओल असते, ऊब असते, भोवती हजार तऱ्हेच्या बुरशी असतात. तरी बहुतेक बिया सडत नाहीत, उगवतात. कशाच्या जोरावर?

जोर असतो तो बियांमधल्या बारीक बारीक प्रथिनांचा. त्यांना पेप्टाइड म्हणतात. बी ओलं झालं की ती बाहेर झिरपतात आणि बीभोवती जणू कुंपण घालतात. बुरशीचा धागा त्या कुंपणाशी आला की खुरटतो. निशानं त्यासाठी हुलगा निवडला होता. पैठणजवळच्या मामाच्या रानातला, पाण्याविना, खताविना येणारा, कुणी फार विचारत नाही असा हुलगा. पोतंभर हुलगे दळून, भिजवून, गाळून, पुन्हा पुन्हा निवडून शेवटी तिच्या हाती जे आलं ते तीन बारक्या नळ्यांत मावलं. करंगळीएवढ्या प्लास्टिकच्या नळ्या, वर फिरकीचं टोपण, आत पाण्यासारखं पाणी. पण कागदाच्या चकतीवर त्याचा थेंब टाकून ती चकती बुरशीजवळ ठेवली, की बुरशी तिला वळसा घालून जायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी निशा त्या तीन नळ्या घेऊन पलीकडच्या इमारतीत निघाली होती. तिथल्या यंत्रावर पेप्टाइडचं नेमकं वजन काढायचं होतं. अंतर इतकं थोडं की बर्फाची पेटीही घेतली नाही, नळ्या अ‍ॅप्रनच्या खिशात टाकल्या. जिना उतरते तोच फोन वाजला. बाबांच्या कंपनीतून होता.

"कडुबा हिवराळेंची मुलगी का? चक्कर येऊन पडलेत. घाबरू नका, गाडीतून घाटीत आणलंय."

कडुबा चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. निशानं पुढचं काही ऐकलं नाही. गेटवर आली, रिक्षात बसली, रिक्षातच अंगातला अ‍ॅप्रन काढून पिशवीत कोंबला. विद्यापीठातून घाटी दवाखाना जवळच. पण तेवढ्या वाटेत तिनं मनात काय काय पाहून घेतलं ते तिचं तिला माहीत.

कडुबा एका खाटेवर उताणे पडले होते, हाताला सलाईन, डोळे उघडे. लेक दिसताच म्हणाले, "तू कशाला आलीस काम सोडून? उन्हानं झालं बग. पत्र्याखाली लई गरम होतं."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ऊन लागलंय, अंगातलं पाणी कमी झालंय, हृदय चांगलं आहे, आजची रात्र ठेवून घेऊ, उद्या सोडू. निशा भिंतीला टेकून उभी राहिली. संध्याकाळी चंपाबाई डबा घेऊन आल्या. नवऱ्याच्या कपाळावरून, छातीवरून, पायांवरून हात फिरवून त्यांनी खात्री करून घेतली आणि मग निशाला म्हणाल्या, "तू ऱ्हा इथं. ही तुझी पिशवी मी नेते घरी. दवाखान्यात जास्तीचं सामान नको."

पिशवी गेली. त्या दिवशी निशाला नळ्यांची आठवणसुद्धा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबांना चहा पाजत असताना मोनालीचा फोन आला. मोनाली तिच्याच प्रयोगशाळेतली, बाजूच्या टेबलावर काम करणारी.

"काका कसे आहेत?"

"बरे आहेत गं. दुपारी सोडणार."

"बरं झालं बाई. अगं, पलीकडून विचारत होते, सॅम्पल आलंच नाही म्हणून. मी फ्रीजमध्ये बघितलं, तिथंही नाही. तुझ्याकडंच आहेत ना ट्यूब?"

निशाच्या हातातला कप तसाच राहिला. तिनं लगेच घरी फोन लावला.

"आई, माझा अ‍ॅप्रन कुठंय?"

"धुतला की!" चंपाबाईंचा आवाज खुशीत होता. "काय डाग पडले होते त्याच्यावर, हिरवे-काळे. पहाटंच चुलीवर ठेवला, सोडा टाकून चांगला उकळून काढला. आता बघ, पांढराशुभ्र झालाय."

"आई, खिशात..."

"व्हय, बारक्या नळ्या होत्या तीन. फेकल्या नाय बरं. खिडकीत ठेवल्यात."

"नळ्या कधी काढल्यास? उकळायच्या आधी की नंतर?"

"नंतर. पिळताना हाताला लागल्या." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "का गं? काय होतं त्याच्यात?"

निशानं फोन ठेवून दिला.

दुपारी ती बाबांना घेऊन घरी पोचली. कडुबांना खाटेवर निजवलं आणि सरळ खिडकीशी गेली. तीन नळ्या ओळीनं उभ्या करून ठेवल्या होत्या, वरून पुसूनसुद्धा. दोन जशाच्या तशा दिसत होत्या. तिसरीचं टोपण सैल झालं होतं आणि आतलं पाणी गढूळ पांढुरकं झालं होतं.

"तुला कुणी सांगितलं होतं माझ्या वस्तूंना हात लावायला?" निशा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण चंपाबाई जागच्या जागी थिजल्या. "एवढ्यासाठी मी किती खपले, माहितीय? पुन्हा सगळं करायचं म्हणजे दिवाळी उजाडंल. विचारायचं तरी ना एकदा! सगळं उकळायचं, सगळं उकळायचं..."

चंपाबाई वळल्या. आत गेल्या आणि भाकरीचं पीठ काढून मळत बसल्या. जेवायची वेळ होऊन गेली होती, तरी मळत बसल्या.

निशा विद्यापीठात गेली. बोरसे सरांनी आधी कडुबांची चौकशी केली, मग नळ्या उजेडात धरून पाहिल्या. निशाला वाटलं होतं ते रागावतील. ते खुर्चीत मागं टेकून बसले आणि म्हणाले, "रागवायचं ते नंतर बघू. आधी सांग, ह्या जातीच्या पेप्टाइडबद्दल वाचलंयस ना? उष्णतेचं काय लिहितात?"

"सहसा टिकतात म्हणतात, सर. पण ते दुसऱ्या झाडांचे. आपलं कुणी बघितलंय?"

"कुणीच नाही. तू नाही, मी नाही. मग आत्ता आपण दोघंही नुसते अंदाज करतोय. उद्या बुरशीची प्लेट लाव. तिन्ही नळ्यांचे थेंब, शेजारी साधं पाणी, आणि..." ते थोडं थांबले. "आणि आईनं टाकला तो सोडा. नाहीतर बुरशी सोड्यानं थांबली की हुलग्यानं, कळायचं कसं?"

संध्याकाळी निशा घरी परतली तेव्हा घर गप्प होतं. कडुबा उशीला टेकून बसले होते. चंपाबाई मागच्या अंगणात, विझलेल्या चुलीपुढं.

"तुझी माय दिसभर उपाशी हाये," कडुबा हळूच म्हणाले. "तू रागावली, ते बरोबर असंल. पण नेमकं काय बुडालं, ते तरी तिला सांग. तिला वाटतंय तुझी डिग्रीच गेली."

निशा अंगणात जाऊन आईशेजारी बसली. मग चंपाबाईच म्हणाल्या, "अंडं एकदा उकडलं की परत कच्चं होत नाय. तसंच झालं ना गं?"

निशानं चमकून आईकडं पाहिलं. हीच भीती तिला सकाळपासून खात होती. अंड्यातला पांढरा बलकही प्रथिनच, उकळल्यावर गोठतो तो कायमचा.

"तसं झालं असंल, नसंलही," ती म्हणाली. "आई, तू दवाखान्यात चादरींची गाठोडी बांधायचीस ना? नुसती गुंडाळलेली चादर आपटली की सुटते, इकडं तिकडं होते. पण चारी टोकं गाठ मारून बांधली तर?"

"मग जिन्यावरून खाली टाकलं तरी सुटत नाय."

"अंड्यातलं प्रथिन नुसतं गुंडाळलेलं असतं. उष्णता लागली की सुटतं आणि एकमेकांत गुंततं. हुलग्यातलं हे बारकं असतं, आणि त्याला आतून चार पक्क्या गाठी असतात. गंधकाच्या."

"मग गाठी टिकल्या का?"

"तेच बघायचंय. उद्या."

चंपाबाईंनी लेकीकडं नीट पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

"आई, सोडा कोणता टाकला होतास? किती?"

"का? आता सोड्यानं काय बिघडवलं?"

"काही नाही. सरांनी मागितलाय. तोच सोडा पाहिजे, तेवढाच. आणि उकळलं किती वेळ?"

चंपाबाई उठल्या. डब्यातला सोडा मुठीनं मोजून त्यांनी कागदाच्या पुडीत बांधला, पातेल्यात पाणी कुठवर होतं तिथं बोट ठेवून दाखवलं. "उकळी फुटल्यावर दोन डाव चहा होईल एवढा वेळ ठेवला असंल," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांच्या आवाजात थोडा जीव आला होता. निशा ते सगळं लक्षात ठेवत गेली. मग तिनं स्वतःच ताट वाढलं, आईच्या पुढं ठेवलं आणि म्हणाली, "मी दुपारी फार बोलले. जेव आता."

"तू बोलली ते खरंच होतं," चंपाबाई म्हणाल्या. "विचारायला पायजे होतं मी." त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी निशानं प्लेट लावली. मधोमध फ्युजेरियम नावाच्या बुरशीचा तुकडा, बोरसे सरांच्या गावाकडच्या सडक्या अद्रकीतून काढलेला. भोवती कागदाच्या पाच चकत्या: तीन नळ्यांच्या तीन, एक पाण्याची, एक सोड्याच्या पाण्याची. मग थांबण्याशिवाय काही करण्यासारखं नव्हतं. बुरशी कुणाच्या घाईनं वाढत नाही. पहिल्या दिवशी नुसती मधे थोडी पसरली. काहीच कळत नव्हतं. मोनाली म्हणाली, "सारखी उघडून बघू नकोस गं," आणि निशा प्लेट ठेवलेलं उबेचं कपाट बंद करून पुन्हा थोड्या वेळानं उघडत राहिली.

घरी चंपाबाई काही विचारत नव्हत्या. पण निशा दार ओढून बाहेर निघाली की त्या हातातलं काम थांबवून पाहत राहत. कडुबांना आता बरं वाटत होतं. ते चंपाबाईंना हसवायचा प्रयत्न करत. "मला चक्कर आली नसती तर हे झालंच नसतं. म्हंजे खरा गुन्हेगार मीच." चंपाबाई हसत नसत. रात्री त्यांना झोप लागत नाही, हे त्यांच्या सकाळच्या डोळ्यांवरून कळायचं.

निकालाच्या दिवशी निशा सकाळीच गेली. चंपाबाईंनी स्वयंपाक उरकला, कडुबांचं ताट झाकून ठेवलं आणि पातळ बदललं.

"कुठं निघालीस?" कडुबांनी विचारलं.

"जाऊन येते. घरात जीव लागंना."

त्या विद्यापीठात कधी प्रयोगशाळेपर्यंत गेल्या नव्हत्या. चौदा जानेवारीला नामविस्तार दिनाला गेटपर्यंत मात्र दरवर्षी जायच्या, कमानीला हात जोडायच्या, गर्दीत चटणी-भाकरी खायच्या आणि परतायच्या. आज गेटाच्या आत शिरल्यावर त्यांना रस्ता कळेना. दोन पोरींना विचारत विचारत त्या विभागापर्यंत पोचल्या. दारात चपला काढू लागल्या तेव्हा मोनालीनं पाहिलं.

"राहू द्या मावशी, इथं चपला घालूनच यायचं. निशा, बघ कोण आलंय!"

निशा कपाटापाशी उभी होती. हातात प्लेट धरून ती जागची हलत नव्हती.

"गेलं का सगळं?" चंपाबाईंनी दारातूनच विचारलं.

"आई, इकडं ये."

निशानं प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. बुरशी आता जवळजवळ काठापर्यंत पोचली होती, दाट, मऊ, पिंजलेल्या कापसासारखी. पाण्याच्या चकतीवरून ती सरळ चढून गेली होती. सोड्याच्या चकतीवरूनही. गढूळ झालेल्या तिसऱ्या नळीची चकतीही तिनं गिळून टाकली होती. पण उरलेल्या दोन चकत्यांपाशी ती थबकली होती. दोन्हींभोवती मोकळी, स्वच्छ जागा, आणि तिच्या काठावर बुरशीची कडा आत वळलेली, चंद्रकोरीसारखी.

"ही जागा मोकळी दिसतीय ना? इथं ती येऊ शकली नाही," निशा म्हणाली. "आई, टिकलं. उकळूनसुद्धा टिकलं."

"दोन टिकल्या?"

"दोन टिकल्या. तिसरीत पाणी शिरलं होतं, ती गेली. पण दोन पुरतात."

चंपाबाईंनी प्लेटकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं, पुन्हा प्लेटकडं. मोनालीनं घाईनं स्टूल पुढं सरकवलं. त्या बसल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. निशा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचेही डोळे वाहत होते आणि मधेच ती हसत होती.

बोरसे सर आले तेव्हा दोघींनी घाईनं डोळे पुसले. निशानं ओळख करून दिली. चंपाबाई उठून उभ्या राहिल्या. "जय भीम, सर. माझ्यामुळं लई तरास झाला तुमाला."

"जय भीम. बसा, बसा तुम्ही." सरांनी प्लेट घेतली, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिली. मग सोड्याच्या चकतीवर बोट ठेवून म्हणाले, "हे चांगलं झालं. सोड्याचा काही संबंध नाही म्हणजे." निशाला ते म्हणाले, "पण हे एकदा झालं म्हणून झालं असं नाही. आता तेच ठरवून करायचं. मोजून उकळायचं, मोजून थंड करायचं, पुन्हा पुन्हा. आणि खिशात नाही."

"नाही सर," निशा म्हणाली.

"आणि यातून अद्रक वाचंल का सर, तुमच्या गावाकडची?" चंपाबाईंनी विचारलं.

"ते फार लांबचं आहे, बाई. बशीत थांबली म्हणून रानात थांबते असं नसतं. रानात ऊन आहे, पाऊस आहे, माती आहे." मग ते प्लेट पुन्हा उजेडात धरून म्हणाले, "पण जे उकळीनं मरत नाही, त्याची आशा धरायला हरकत नाही."

सर गेल्यावर निशानं दोन नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या, मोनालीसमोर, तिला दाखवून. पलीकडच्या इमारतीतल्या यंत्रावर उद्याची वेळ मिळाली. मग ती आईला म्हणाली, "चल, आज मी पण लवकर निघते."

बाहेर ऊन रणरणत होतं. गेटाजवळ दोघींनी उसाचा रस घेतला. चंपाबाईंनी दुसरा ग्लास मागितला, तेव्हा निशाला कळलं की आई सकाळपासून पाण्यावरच आहे. मग तिथल्या गाड्यावरून तिनं भजी घेतली आणि चंपाबाईंनी ती सगळी खाल्ली, बोटं चाटून. तिथूनच निशानं बाबांना फोन केला.

"टिकलं, बाबा."

"तुझी माय कुठंय?"

"भजी खातीय."

पलीकडून कडुबांचं हसू ऐकू आलं. मोठं, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच इतकं मोठं.

घराकडं निघालेल्या रिक्षात चंपाबाई थोडा वेळ बोलत होत्या. पैठणच्या भावाला यंदा हुलगा जास्त पेरायला सांगते, म्हणाल्या. अ‍ॅप्रनला इस्त्री करून ठेवलीय, म्हणाल्या. मग वाक्य अर्ध्यातच थांबलं. निशानं वळून पाहिलं तर आईची मान तिच्या खांद्यावर कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं.

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "अम्मा सो गए दिखते."

"हौ. जरा आहिस्ता चलाओ, भाई."

"फिकर नको करो," तो म्हणाला, आणि खड्ड्यांचा रस्ता सोडून त्यानं रिक्षा लांबच्या पण गुळगुळीत रस्त्यानं वळवली.